उलट बोलणारा फळा

जूनमधली एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक-समितीची मीटिंग. बाहेर पाऊस लागलेला, पत्र्यावर त्याचा ताशा, त्यामुळे सगळेच जरा ओरडून बोलत होते. गणवेश झाले, दुधाची पावडर झाली, गळणारं छप्पर झालं. मग मागच्या बाकावरचे एक पालक उठले. "सर, तुम्हीच सांगतासा, पोराच्या हातात मोबाईल देऊ नका म्हणून. आणि रात्री आठला तुमचाच मेसेज येतोय, अभ्यास मोबाईलवर पाठवलाय बघा म्हणून. आम्ही नेमकं काय करायचं, सांगा की."

सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर तयार नव्हतं. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी सरकारी शाळेत शिकवतो आहे, ट्रेनिंगं बरीच झाली, आणि तरी हा साधा प्रश्न मला नीट उत्तर देऊन परतवता आला नाही. ट्रेनिंगला गेलं की ब्लॉग, क्विझ, क्यूआर कोड, इंटरॅक्टिव्ह असे शब्द कानावर आदळतात. पेपरात 'डिजिटल शाळा' असा मथळा येतो. पालकाला मात्र दिसतं ते इतकंच, की पोरगं मोबाईल घेऊन बसलंय. म्हणून हे जरा सावकाश, पहिल्यापासून.

## आधी ब्लॉग

आपल्याकडच्या शाळांच्या व्हरांड्यात भित्तिपत्रक असतं. एक बोर्ड, त्यावर पोरांनी लिहिलेल्या कविता, सहलीचं वर्णन, एखादं बोरूने काढलेलं अक्षर. ब्लॉग म्हणजे तेच भित्तिपत्रक, फक्त ज्या भिंतीवर ते लावलंय ती भिंत पुण्यातून, मडगावातून, गडहिंग्लजमधूनही दिसते. नवा कागद सगळ्यात वर लागतो, जुना खाली सरकतो, फाडून टाकावा लागत नाही. आणि प्रत्येक कागदाखाली वाचणाऱ्याला दोन ओळी लिहायला जागा असते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडेच परत यायचंय.

शब्दाची गंमत आहे. जहाजावर रोजची नोंद ठेवायची वही असते, तिला 'लॉग' म्हणतात. वेबवरची नोंदवही म्हणून १९९७ साली जॉर्न बार्गर या अमेरिकन माणसाने 'वेबलॉग' हा शब्द वापरला. दोन वर्षांनी पीटर मेरहोल्झ नावाच्या दुसऱ्याने तो चुकीच्या जागी तोडून 'वी ब्लॉग' केला, म्हणजे 'आम्ही ब्लॉगतो'. थट्टेतला तुकडाच पुढे जगभर चालला. त्याच वर्षी, १९९९ मध्ये, 'ब्लॉगर' ही फुकट सेवा आली. ती आता गुगलकडे आहे आणि अजूनही फुकट आहे.

"पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की," असं कोणीही म्हणेल. आहे. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा आठवड्याचा बाजार आहे. भरला तेव्हा ताजा, उठला की पालापाचोळा. गेल्या ऑगस्टमध्ये अपूर्णांकाचा गृहपाठ पाठवला होता, तो आज शोधून दाखवा. मधे तीनशे 'गुड मॉर्निंग' आणि गणपतीचे फोटो येऊन गेले. ब्लॉग हे कपाट आहे. इयत्ता, विषय, पाठ अशा चिठ्ठ्या लावल्या की पुढच्या वर्षीच्या पोरालाही तो कागद सापडतो. सापडायला पाहिजे, असं म्हणतो. आमचा सापडत नव्हता, ते शेवटी सांगतो.

## 'इंटरॅक्टिव्ह' म्हणजे उलट बोलणारं

पुस्तकात याला 'परस्परसंवादी' म्हणतात. तो शब्द वाचूनच संवाद थांबतो. मी याला 'उलट बोलणारं' म्हणतो. एरवी उलट बोलणारं पोर आपल्याला चालत नाही, पण शिकवण्याचं साधन उलट बोलणारंच हवं.

टीव्ही उलट बोलत नाही. तुम्ही बघा, झोपा, उठून चहा करा, त्याला काही फरक पडत नाही. बाजारातला तराजू मात्र उलट बोलतो. बटाटे टाकले की काटा हलतो, काढले की परत हलतो. पोराने काही केलं आणि त्याच्या करण्याप्रमाणे समोरचं साधन बदललं, तर ते इंटरॅक्टिव्ह. नाही बदललं तर ते कितीही महागडं असो, टीव्हीच.

दोन नमुने सांगतो. 'जिओजेब्रा' हे भूमितीचं साधन २००१ साली ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी करायला घेतलं. त्यात त्रिकोण काढायचा आणि एक टोक बोटाने ओढायचं. त्रिकोण लांब होतो, चपटा होतो, कोनांचे आकडे भराभर बदलतात, आणि बेरीज मात्र १८० वर खिळलेली. "सर, हलंना ते!" असं पोर म्हणतं, तेव्हा पाठ्यपुस्तकातली ती ओळ पहिल्यांदा त्याची स्वतःची होते. दुसरा नमुना 'फेट'. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यात बॅटरी, वायर, बल्ब जोडायचे. एक वायर सुटी राहिली तर बल्ब लागत नाही. कोणी ओरडत नाही, लाल फुली मारत नाही, बल्ब नुसता लागत नाही. पोर आपणहून शोधतं कुठं सुटलंय ते. यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात. आमच्यासारख्यांना हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

## एका फोनवर अख्खा वर्ग

आता पालकांच्या प्रश्नाच्या जवळ येतो. पोरांच्या हातात मोबाईल न देता हे जमतं का? जमतं.

'प्लिकर्स' नावाचं एक साधन आहे. प्रत्येक पोराला एक जाड कागद द्यायचा. त्यावर काळ्या चौकोनांची वेडीवाकडी नक्षी छापलेली, चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मी फळ्यावर प्रश्न लिहितो. पोराला ज्या पर्यायाचं उत्तर वाटतं ती बाजू वर करून ते कागद धरतं. मी माझा फोन वर्गावरून संथपणे फिरवतो, कॅमेरा सगळे कागद वाचतो, आणि कोणी काय उत्तर दिलं ते माझ्या पडद्यावर येतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याच्या कागदाकडे बघून नक्कल करता येत नाही. एक सूचना अनुभवाची: कागदांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड पडला की कागद चकाकतो आणि फोन आंधळा होतो. आम्ही पैसे घालून तेच केलं होतं.

पाचवीत मी विचारलं: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? निम्म्याहून जास्त वर्गाने एक चतुर्थांश सांगितला. कारण उघड आहे, चार तीनपेक्षा मोठे. पण एरवी मला हे कळलंच नसतं. मी तोंडी विचारलं असतं तर पुढच्या बाकावरची नेहमीची तीन पोरं हात वर करून बरोबर उत्तर देऊन मोकळी झाली असती आणि मी "शाब्बास, समजलं ना सगळ्यांना?" म्हणालो असतो. "हो सऽऽर" असं सुरात उत्तर आलं असतं. तो सुर तुम्हीही शाळेत लावला असेल.

मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. वर्गात गलका झाला. मागच्या बाकावर एक मुलगा, वर्षभरात चार वाक्यं बोलला असेल नसेल, शेजाऱ्याला सांगत होता, "अरे खुळ्या, भाकरी तिघांत वाटली तर जास्त येतीय का चौघांत?" परत कागद वर केले. बहुतेकांनी बाजू फिरवली होती. मला शिकवायला काही उरलंच नाही.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९१ पासून असं शिकवत आले: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी वाद, परत मत. त्याला फोनही लागत नाही. बोटं वर करूनही होतं, फक्त डोळे मिटायला सांगा, नाहीतर सगळे हुशार पोराच्या बोटांकडे बघतात.

यामागे एक जुनी गोष्ट आहे, जी आपल्या आज्यांना ठाऊक होती. पाढे वाचून येत नाहीत, म्हणून दाखवल्याने येतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे मोजलं. एका गटाने उतारा वाचून परत वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर उलटं: परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे छोटा प्रश्न विचारणं ही परीक्षा नाही, तेच शिकवणं आहे. क्विझचं महत्त्व एवढंच. संगीत, रंग, पहिल्या नंबरला ट्रॉफी हा सगळा वरचा कुंदा, जेवणानंतरची मिठाई.

## मग लाखभराचा स्मार्ट बोर्ड?

चांगला आहे, कोणी दिला तर घ्या. पण नुसतं यंत्र आणून काय होतं याचं उदाहरण पेरू देशात आहे. तिथे सरकारने खेड्यातल्या प्राथमिक शाळांमधून पोरांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळून सव्वा वर्ष झाल्यावरही गणितात आणि भाषेत, मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत फरक दिसला नाही.

मला याचं नवल वाटत नाही. स्मार्ट बोर्डवर अर्धा तास व्हिडिओ लावून मागे वह्या तपासत बसलेला मास्तर मी पाहिला आहे. आरशात.

## आपली अडचण निराळी आहे

इथवरचं कुठल्याही गावाला लागू होईल. आता आपल्या भागाचं.

आमच्या शाळेतलं पोर मराठीतून शिकतं, पण त्याची पुस्तकं बालभारतीची नाहीत. ती कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची. दहावीला ते महाराष्ट्राची एसएससी नाही, कर्नाटकची एसएसएलसी देतं. युट्यूबवर 'दहावी विज्ञान मराठी माध्यम' असं शोधलं की धो धो व्हिडिओ येतात, सगळे महाराष्ट्राच्या पुस्तकावर. पाठाचा नंबर जुळत नाही, क्रम जुळत नाही, स्वाध्याय तर नाहीच. 'कर्नाटक' असं घालून शोधलं की येतं ते कन्नडमधून. आमचं पोर दोन्ही ताटांच्या मधे बसलंय आणि वाढपी दोन्हीकडून पुढे जातोय.

कोरोनात हे फार बोचलं. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर धडे लागायचे ते कन्नडमधून. २०२० च्या ऑगस्टमध्ये 'विद्यागम' योजना आली, आम्ही देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली पाच-सहा पोरं गोळा करून शिकवलं, ऑक्टोबरात तीही थांबली. तेव्हा मी फोनवर स्वतःच्या आवाजात धडे वाचून पाठवायला लागलो. मागे कोंबडा ओरडतोय असे ते धडे होते. पण 'आपल्या पुस्तकातला' पाठ 'आपल्या सरांच्या' आवाजात होता, आणि पोरं तो परत परत ऐकत होती.

घटनेत ३५० क कलम आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी असं ते राज्यांना सांगतं. पण कलमातून व्हिडिओ निघत नाहीत, स्वाध्यायाची उत्तरं निघत नाहीत. शंभर-दीडशे पोरांसाठी हे कोणी बाहेरचा करील अशी वाट बघण्यात अर्थ नाही. इथे ब्लॉग लागतो. एका मास्तराने तिसरीचं परिसर अभ्यास घ्यावं, दुसऱ्या शाळेतल्या टीचरनी सातवीचं गणित, आणि सगळ्यांनी एकमेकांचं कपाट वापरावं.

याचा धडा आपल्याला मिळालाय तोही गंमतीशीर दिशेने. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. रणजितसिंह डिसले गुरुजी तिथे २००९ साली गेले, तेव्हा पोरांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं मराठी. गुरुजी कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं पोरांसाठी नव्याने मांडली, आणि पानावर क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटले. आमची अडचण तीच, फक्त आरशात बघितल्यासारखी डावी-उजवी बदललेली.

क्यूआर कोडला घाबरू नका. चहाच्या टपरीवर पैसे देताना जो चौकोन स्कॅन करता तोच. टपरीवर तो खात्याकडे नेतो, पुस्तकात तो धड्याकडे नेतो.

## पोरांनी काय लिहायचं

मास्तरांनी लिहिलेला ब्लॉग ही निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी, आणि माझ्या मते मोठी निम्मी, पोरांनी लिहायची.

सहावीतल्या एका मुलीला म्हटलं, घरच्या कामाबद्दल लिही. तिचे आजोबा कुंभार. खानापूरच्या मातीची कौलं आणि मडकी सगळ्या मुलखाला ठाऊक आहेत. तिने लिहून आणलं: "आमच्या गावात कुंभार मडकी बनवतात. कुंभार हा समाजाचा महत्त्वाचा घटक आहे. आपण त्यांचा आदर केला पाहिजे." निबंधाच्या गाइडमधून उतरवावं तसं. मी तसंच ब्लॉगवर टाकलं.

चार दिवसांनी खाली एक प्रश्न आला. गावचाच एक माणूस, कामाला गोव्यात. "माठ पक्का भाजलाय की कच्चा, हे आजोबांना कसं कळतं?" मुलगी गोंधळली. तिला वाटलं चूक झाली. म्हटलं, चूक नाही गं, कोणीतरी वाचलंय. घरी विचारून ये.

दुसऱ्या दिवशी वहीचं दीड पान भरून आलं. "आजोबा माठ बोटाच्या टोकाने वाजवून बघतात. टण असा आवाज आला की चांगला. बद्द आला की आत चीर गेलेली असती. तो माठ बाजूला ठेवतात. आजी त्यात तुळस लावती. मडकी भाजायचा आवा पेटवायच्या दिवशी आजोबा जेवत न्हाईत. धूर पांढरा झाला की मग जेवतात."

हे तिला येत होतं. विचारणारा नव्हता. वहीत लिहिलेलं एकच माणूस वाचतो, आणि तो आधीच सगळं जाणतो असं पोराला वाटतं, म्हणून ते मला माहीत असलेलं मलाच परत सांगतं. ज्याला खरंच माहीत नाही असा वाचक समोर आला की लिहिणं बदलतं. भित्तिपत्रकाखालची ती दोन ओळींची जागा म्हणतो ती हीच.

'असती' आणि 'न्हाईत' मी दुरुस्त केलं नाही. इन्स्पेक्शनला कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे: पेपरात प्रमाण भाषा, आजोबांबद्दल लिहिताना आजोबांची. आणि मोबाईलवरच्या एआयकडून पोरं निबंध लिहून आणतील ही भीती असेल, तर असले विषय द्या. तुळस बद्द माठात लावतात हे त्याला कोण सांगणार?

## टाइप कोण करणार

पहिल्या वर्षी मी. रात्री. बायको म्हणाली, शाळेत पगार मिळतो तेवढ्याचंच काम करा. तिचं चूक नव्हतं.

आता फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून मराठी निवडली की बोललेलं टाइप होतं. पोरगी आपलं लिखाण वाचते, फोन लिहितो, मग दोघं मिळून चुका काढतो. यात शुद्धलेखनाचा तास फुकटात होतो, कारण यंत्राच्या चुका काढायला पोरांना भलतंच आवडतं.

एक जुना घोटाळा मात्र सांगायला हवा. शाळेच्या प्रश्नपत्रिका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या उचलून ब्लॉगवर टाकल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला. मुखवटा दुसऱ्या मशिनवर नसला की खरं तोंड दिसतं. 'युनिकोड' म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच कायमचा नंबर. 'क' चा २३२५, बेळगावातल्या 'ळ' चा २३५५. फोनवर टाइप केलेलं मराठी युनिकोडमध्येच असतं, म्हणून नवं काम फोनवरच सुरू करा आणि जुन्या फाइलींच्या नादी लागू नका.

## रेंज नाही, मोबाईल नाही

भीमगडच्या जंगलाकडच्या वाड्यांत रेंज शोधायला माणूस झाडाखालची ठरलेली जागा गाठतो, हे मी वेगळं सांगायला नको. आणि ज्या घरी एकच फोन आहे तो बाप कामाला घेऊन जातो. म्हणून माझा नियम असा झाला: जे काम घरच्या फोनशिवाय होणार नाही ते गृहपाठ म्हणून द्यायचं नाही. वर्गात माझा एक फोन आणि शाळेचा एक जुना लॅपटॉप. प्रयोग तालुक्याच्या गावी असताना उतरवून आणायचे, वर्गात नेटशिवाय चालवायचे. ब्लॉगवरचं चांगलं पान छापून खऱ्या भित्तिपत्रकावर लावायचं, म्हणजे ज्याच्या घरी काही नाही तोही वाचतो.

मीटिंगमधल्या त्या पालकांना उत्तर इथे आहे. रात्री आठचे मेसेज मी बंद केले. आता आठवड्यातून एकदा एक प्रश्न पाठवतो, तो पालकांना. "आज पोराला विचारा, भाकरी तिघांत वाटली तर जास्त का चौघांत, आणि का." फोन बापाच्या खिशात, प्रश्न पोराच्या पुढ्यात.

## फोटो आणि माझी चूक

सुरुवातीच्या उत्साहात मी वाढदिवसाचे फोटो टाकायचो. पोराचं पूर्ण नाव, इयत्ता, गाव, जन्मतारीख, हसरा फोटो. एका मुलीच्या आईचा फोन आला. रागाने नाही, घाबरून. घरात काही भांडण होतं, मुलगी कुठल्या शाळेत आहे हे कोणाला तरी कळू नये अशी तिची धडपड होती, आणि मी ते भिंतीवर लावून ठेवलं होतं. पान पाच मिनिटांत काढलं. झोप मात्र दोन दिवस लागली नाही.

तेव्हापासून चेहरा असेल तर नाव नाही, नाव असेल तर फक्त पहिलं. फोटो हातांचे, वहीचे, माठाचे. खालच्या टिप्पण्या मी वाचून सोडल्याशिवाय दिसत नाहीत, ब्लॉगच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. आणि पालकांची सही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आम्ही संमतीपत्र मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून आधी नुसता अंगठा घेत होतो, ती संमती नव्हतीच.

## आणि कन्नड?

हा प्रश्न आपल्याकडे येणारच. मराठी शाळेचा मराठी ब्लॉग म्हटलं की एकाला त्यात झेंडा दिसतो, दुसऱ्याला कुरापत. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात दाखल केला. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आज बाप झालंय. कोर्ट काय करायचं ते करील, वर्गाचा तास पंचेचाळीस मिनिटांचाच असतो.

आमच्या पोरांना कन्नड लागतंच. बसची पाटी, तहसीलचा अर्ज, पुढची नोकरी. कुंभाराच्या त्या पानाखाली कन्नडच्या टीचरनी पोरांकडून चार ओळी कन्नडमध्ये लिहून घेतल्या, आणि पलीकडच्या कन्नड शाळेच्या मुलांनी त्या वाचून त्यांच्या गावच्या कुंभाराबद्दल कळवलं. त्यांच्याकडेही वाजवूनच बघतात.

## कुठून सुरू करायचं

प्लिकर्स नको, ब्लॉगही नको. आधी एक प्रश्न काढा, ज्याचं चुकीचं उत्तर पोरांना बरोबर वाटेल. डोळे मिटून बोटं वर करायला सांगा. हे एक महिना करून बघा. मग फोन.

ब्लॉग सुरू केलात तर पहिल्या दिवसापासून चिठ्ठ्या लावा, त्याला तिथे 'लेबल' म्हणतात. मी लावल्या नव्हत्या. परवा मीटिंगनंतर तेच पालक जवळ आले, फोन पुढे करून म्हणाले, "सर, ते माठाचं पान कुठं हाय हो? गोव्यातल्या भावाला दाखवूया म्हटलं तर घावंना." दहा मिनिटं दोघं मिळून खाली सरकत राहिलो. शेवटी वर्गातून त्या मुलीलाच बोलावलं. तिला तारीख पाठ होती.